व्यसनमुक्त माणसाचं अनुभवकथन शाळेत ठेवावं का?

प्रश्न : आमची शाळा भोसरीत आहे. बहुतेक मुलांचे आईवडील चाकण, तळवडे, भोसरीच्या कंपन्यांत पाळीवर जातात. नववी-दहावीच्या मुलांसमोर व्यसनातून बाहेर आलेल्या एखाद्या माणसाचं अनुभवकथन ठेवावं, असं काही पालकांनी सुचवलं आहे. त्यातून मुलांना नको ती माहिती मिळेल, अशी काही शिक्षकांना धास्ती वाटते. अशा कथनाचा खरोखर उपयोग होतो का?
– एक शिक्षिका, भोसरी

उत्तर : पालकांची तळमळ खरी आहे आणि शिक्षकांची धास्तीही रास्त आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ व गुन्हेगारीविषयक कार्यालयाने जागतिक आरोग्य संघटनेच्या साथीने २०१८ मध्ये व्यसनप्रतिबंधाच्या मापदंडांची दुसरी आवृत्ती काढली. शालेय कार्यक्रमांत कशाचा उपयोग होत नाही किंवा उलटाच परिणाम होतो, हे त्यात नोंदवलं आहे. पूर्वी व्यसनी असलेल्यांची अनुभवकथनं त्या यादीत आहेत. नुसती माहिती देणं आणि भीती घालणंही आहे.

असं का होतं? मुलं गोष्टीचा शेवट बघतात. वक्ता ठणठणीत उभा असतो, मुख्याध्यापक त्याला श्रीफळ देतात, टाळ्या पडतात. मुलाच्या मनात हिशोब होतो : हा एवढं करूनही सुटला, मग मी एकदा करून बघितलं तर काय बिघडलं? नशेचं वर्णन रंगत गेलं, तर भीतीपेक्षा कुतूहलच वाढतं. बाकीच्या मुलांना वाटतं, असा माणूस वेगळाच असतो, आपला काय संबंध?

मग या कथनाचं खरं बळ कुठे आहे? ते पुण्यात येरवड्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात दिसतं. डॉ. अनिल अवचट यांनी ‘गर्द’ या अमली पदार्थावर लेख लिहिले, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी आर्थिक मदत देऊ केली आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने हे केंद्र सुरू झालं. तिथे दाखल झालेला माणूस दुसऱ्याची कहाणी ऐकतो, तेव्हा त्यात त्याला स्वतःच्याच थापा ऐकू येतात : ‘कधीही सोडू शकतो’, ‘माझ्या पैशाची पितो’, ‘उद्यापासून बंद’. आपण एकटे नाही आणि यातून बाहेर पडता येतं, हे त्याला उमगतं. म्हणजे ही कहाणी मुळात व्यसनात अडकलेल्याच्या उपचाराचा भाग आहे. ज्याने अजून काहीच घेतलेलं नाही, त्याच्यासाठी ते औषध नव्हे.

तुमच्या परिसरात हा विषय दूरचा नाही. ऑक्टोबर २०२०मध्ये पिंपरी-चिंचवड पोलिसांनी चाकण भागात सुमारे २० किलो मेफेड्रोन, म्हणजे ‘एमडी’, पकडलं होतं. हा पदार्थ २०१५ पासून अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येतो. मात्र मुलांची सुरुवात बहुधा तंबाखू, गुटखा, बिअर अशा सहज मिळणाऱ्या गोष्टींपासून होते. थिनर, पंक्चरचं सोल्युशन, व्हाइटनर यांकडेही लक्ष ठेवा. केंद्र सरकारसाठी ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत हुंगण्याच्या पदार्थांचं प्रमाण मुलांमध्ये १.१७ टक्के, तर प्रौढांमध्ये ०.५८ टक्के आढळलं. मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये जास्त आढळलेला नशेचा हा एकच प्रकार.

म्हणून माझा सल्ला असा. मुख्य भर वर्गातल्या तासांवर द्या. एकाच व्याख्यानावर न थांबता आठवड्याला एक असे काही तास घ्या आणि त्यांत मुलांना बोलतं करा. एक प्रसंग करायला द्या : मोशीच्या क्लासवरून परतताना ओळखीचा मोठा मुलगा गाडी थांबवतो. “एकदाच मार रे, सगळेच मारतात. घाबरतोस काय?” आता उत्तर काय द्यायचं? पहिल्या फेरीत मुलं हसतात, कुणी पाठ केलेलं भाषण ठोकतं. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत त्यांच्याच भाषेतलं सापडतं : “नाय रे, मला नको. चल, उशीर झालाय,” आणि पाय उचलायचा. हे वाक्य तोंडात बसलं पाहिजे. ‘सगळेच मारतात’ हेही तपासून घ्या. नाव न लिहिता चिठ्ठ्या भरून घेतल्या, की बहुतेक मुलं काहीच घेत नाहीत, हे साधारणपणे त्यांनाच दिसतं. या समजाला धक्का बसला, की दबाव निम्मा उतरतो.

अनुभवकथन या तासांच्या शेवटी ठेवा, तेही समुपदेशकाच्या सोबतीने. वक्ता बरीच वर्षं व्यसनापासून दूर असलेला आणि व्यसनमुक्ती केंद्राने पाठवलेला असावा. आधी त्याच्याशी बसून ठरवा : पदार्थ कसा घ्यायचा, कुठे मिळतो, कितीला मिळतो, चढल्यावर कसं वाटतं, यातलं काही सांगायचं नाही. पहिला ‘हो’ कसा निघाला, घरच्यांपासून काय लपवलं, मदत मागायला इतका उशीर का झाला, उपचारानंतरही पाय घसरला तेव्हा काय केलं, हे सांगायचं. सभागृहाऐवजी एकेका वर्गात बसवा आणि निम्मा वेळ प्रश्नांना ठेवा.

त्या वर्गात एखादं मूल असं असेल, की ज्याचे वडील पितात किंवा ज्याने स्वतः सुरुवात केली आहे. कहाणीचा खरा धनी तेच. म्हणून कथनानंतर कुणाकडे जायचं, हे नावानिशी सांगा. तो शिक्षक त्या आठवड्यात रोज भेटायला हवा. मूल येऊन बोललं, तर शाळेतून काढण्याची धमकी नको. आधी समुपदेशन, मग पालकांना विश्वासात घेणं. केंद्र सरकारची मोफत हेल्पलाइन १४४४६ आहे. हा आकडा फळ्याशेजारी कायम लावून ठेवा.

आणि पालकांना वेगळं बोलवा. पाळीवरून थकून आलेल्या आईवडिलांना संध्याकाळची वेळ जमणार नाही, रविवार सकाळ ठेवा. अनुभवकथन ऐकायची खरी गरज त्यांना आहे, कारण घरात काय लपवलं जातं आणि ते कसं ओळखायचं, हे त्या वाटेने गेलेला माणूस नेमकं सांगू शकतो.

तेव्हा वक्त्याला जरूर बोलवा. पण त्याआधी वर्गातले तास ठरवा आणि मुलांचं ऐकून घेणारा शिक्षक नेमा. ही तयारी होत नसेल, तर कार्यक्रम पुढे ढकला.