उकाड्यातली गोड वाइन

डहाणूच्या किनाऱ्यावर गोड वाइन आवडणाऱ्याची दोन प्रकारे निराशा होते. दुकानात गोड म्हणून जी मिळते ती बहुतेकदा नुसतीच गोड असते. आणि जी खरोखर चांगली असते, ती इथल्या दमट हवेत पेल्यात पडली की थोड्याच वेळात कोमट होते आणि जिभेला चिकटते. दोन्हींवर उपाय आहे, आणि धाकट्या डहाणूसारख्या मच्छीमारांच्या गावात तो करायला सोपा आहे, कारण बर्फ, जाडं मीठ, ताजी मासळी आणि चिकू इथे हाताशी असतात. निवडताना मात्र साखरेच्या आधी आंबटपणाकडे बघायचं. पुढची सगळी कृती याच एका गोष्टीभोवती आहे.

साहित्य: तीन प्रकारच्या गोड वाइन (कोणत्या, ते पुढे येईल), एक खोल बादली, बर्फ, दोन मुठी जाडं मीठ, जाड सुती फडकं, लहान पेले, एक लिंबू, साखर, चहाचा चमचा आणि एक वही.

सुरुवात वाइनपासून नको, साखरपाण्यापासून करा. तीन पेल्यांत प्रत्येकी २०० मिलिलिटर पाणी घ्या. पहिल्या दोन्हींत अडीच-अडीच सपाट चमचे, म्हणजे साधारण १० ग्रॅम साखर विरघळवा. त्यांपैकी दुसऱ्यात अर्धं लिंबू पिळा. तिसऱ्यात पाच चमचे साखर आणि अर्धं लिंबू. तिन्ही पेले सारखेच गार करून ओळीने चाखा. पहिल्या दोन्हींत साखर अगदी सारखी आहे, लिटरला ५० ग्रॅमच्या आसपास, तरी पहिला पेला मचूळ लागेल आणि दुसरा प्यावासा वाटेल. तिसऱ्यात साखर दुप्पट असूनही कित्येकांना तो पहिल्यापेक्षा बरा वाटतो. आता तिसरा पेला अर्धा तास ओट्यावर ठेवून पुन्हा चाखा. साखर तेवढीच असेल, पण जास्त गोड लागेल, कारण गारव्यात जिभेला गोडी कमी जाणवते. तिन्हींपैकी कोणता आवडला ते वहीत लिहा. दुकानात उभं राहून दुकानदाराला काय सांगायचं, ते या नोंदीवरून ठरेल.

युरोपात साध्या वाइनची गोडी ठरवताना ढोबळमानाने लिटरला ४ ग्रॅमपर्यंत साखर असेल तर ती ड्राय धरतात आणि ४५ ग्रॅमपासून पुढे गोड. फसगत होते ती बुडबुड्यांच्या वाइनमध्ये. तिथे ‘एक्स्ट्रा ड्राय’ लिहिलेली बाटली ‘ब्रूट’पेक्षा गोड असते, आणि गोड हवी असेल तर ‘डेमी सेक’ शोधावी लागते, तिच्यात ३२ ते ५० ग्रॅम साखर असते. लेबलावर साखरेचा आकडा नसेल तर अल्कोहोलचा टक्का बघा. फार कमी टक्का, म्हणजे सात-आठच्या आसपास, असेल तर बहुधा यीस्टने सगळी साखर खाल्लेली नाही, ती बाटलीत शिल्लक आहे. उलट १८-२० टक्के असतील तर आंबवणं चालू असतानाच वरून मद्यार्क घालून यीस्ट थांबवलेलं असण्याची शक्यता मोठी.

आता तीन वाइन. पहिली नाशिकची ‘लेट हार्वेस्ट’. नाशिकला द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च चालते. लेट हार्वेस्टसाठी काही घड त्यानंतरही वेलीवरच ठेवतात. मण्यांतलं पाणी कमी होतं, साखर दाटते, रस थोडा निघतो. म्हणून ही वाइन महाग पडते आणि बरेचदा ३७५ मिलिलिटरच्या अर्ध्या बाटलीत येते. सुला आणि यॉर्क या दोन्ही नाशिकच्या वाइनरींनी शेनिन ब्लांक द्राक्षाची लेट हार्वेस्ट काढलेली आहे. हे द्राक्ष मूळचं फ्रान्सच्या लुआर खोऱ्यातलं. तिथेही त्याच्या उत्तम गोड वाइन होतात, आणि उन्हाळी मुलखातही ते आपला आंबटपणा बराचसा राखून असतं. आपल्या हवेत गोड वाइन प्यायची तर सुरुवात शेनिनपासून करावी, असं माझं ठाम मत आहे. डहाणूच्या दुकानात ती मिळाली नाही तर मागवून घ्या, नाहीतर एखाद्या सुट्टीत कासा, जव्हार, मोखाडा, त्र्यंबकेश्वर या रस्त्याने नाशिकला जा. गंगापूर धरणाच्या बाजूला वाइनरी आहेत. तिथे थोडी थोडी चाखून मग विकत घेता येते. गाडी चालवणाऱ्याने मात्र चाखू नये. परतीच्या वाटेवर घाट उतरताना डोकं स्वच्छ हवं.

दुसरी हलकी बुडबुड्यांची किंवा फळांची वाइन. इथे आपल्याला नाशिकपर्यंत जावं लागत नाही. धाकट्या डहाणूहून उत्तरेला, घोलवडच्या पलीकडे बोर्डी आहे. तिथल्या हिल झिल वाइन्सने फ्रुझान्ते या नावाने चिकूपासून आणि इतर फळांपासून वाइन बनवली. डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळालं ते २०१६ साली. या पट्ट्यातल्या पारशी-इराणी आणि इतर बागायतदारांनी वाढवलेल्या वाड्यांना आधाराची गरज आहे, कारण पिकलेला चिकू फार दिवस टिकत नाही. चार दिवसांत मऊ पडणाऱ्या फळाला बाटलीत वर्षभराचं आयुष्य मिळतं, ही मला मोठी गोष्ट वाटते. चाखताना एवढं लक्षात ठेवा की चिकूत मुळात आंबटपणा फार कमी असतो. त्यामुळे चिकूची वाइन बरी की उत्तम, हे तिच्यातला आंबटपणा कसा सांभाळला आहे यावर ठरतं. अननस किंवा संत्र्याच्या वाइनला ही अडचण येत नाही.

तिसरी पोर्ट. खरी पोर्ट पोर्तुगालच्या डोरो खोऱ्यातली. त्या मुलखाची हद्द १७५६ सालीच आखली गेली. आंबणाऱ्या रसात द्राक्षाचा मद्यार्क घालून ती बनवतात, म्हणून गोडही असते आणि कडकही, साधारण १९ ते २२ टक्के. गोव्यात किंवा आपल्याकडे ‘पोर्ट वाइन’ म्हणून मिळणारी स्वस्त लाल गोड वाइन वेगळी. तिला डोरोच्या मापाने मोजू नका. भरपूर गार करून, संत्र्याची साल पिळून आणि बर्फाचा एक खडा टाकून ती चांगली लागते. बर्फ घालणं चूक, असं कोणी म्हटलं तर मनावर घेऊ नका. लेट हार्वेस्टमध्ये मात्र बर्फ नको, तिची जी दाट चव आपण पैसे मोजून घेतलेली असते तीच पातळ होते.

दुकानात बाटली हातात घेतल्यावर आधी ती कुठे ठेवलेली होती ते बघा. वरच्या फळीवर, ट्यूबलाइटशेजारी किंवा उन्हाच्या काचेत महिनोन् महिने उभी असलेली बाटली घेऊ नका. बूच वर सरकलेलं आहे का, मानेवर चिकट ओघळ आहे का, पांढरी वाइन तपकिरीकडे झुकली आहे का, हे तपासा. लेट हार्वेस्ट मुळातच सोनेरी असते, तो दोष नव्हे. हलक्या गोड वाइनचं साल जितकं अलीकडचं तितकं चांगलं. घरी नेताना बाटली गाडीच्या डिकीत ठेवून बाजारहाट करत फिरू नका. मे महिन्यातल्या बंद गाडीत एक दुपार काढली तरी ती शिजल्यासारखी लागते.

कायद्याचं थोडक्यात. महाराष्ट्रात मद्य बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो, तो काढून ठेवा. तलासरी ओलांडली की गुजरात, आणि तिथे दारूबंदी आहे. उंबरगावच्या पाहुण्यांकडे भेट म्हणून बाटली नेऊ नका. सिल्वासा-दमणला दारू मिळते, म्हणून तिकडून भरून आणणंही बेकायदा ठरू शकतं. चिकू, साखर आणि यीस्ट बरणीत कोंबून घरीच वाइन करण्याचा मोह आवरा. परवान्याशिवाय ते चालत नाही, आणि घट्ट झाकणाची बरणी आतल्या वायूने फुटते.

आता गार करणं. या किनाऱ्यावर सगळ्यात जास्त काळजी याच पायरीची घ्यावी. लेट हार्वेस्ट आणि बुडबुड्यांची वाइन ६ ते ८ अंशांवर हवी. तीस अंशांच्या खोलीतली बाटली फ्रीजमध्ये एवढी गार व्हायला तीन तास तरी जातात. वीज गेली तर तेही नाही. बादलीत निम्मं पाणी, निम्मा बर्फ आणि दोन मुठी मीठ घाला आणि बाटली मानेपर्यंत बुडवा. वीसेक मिनिटांत काम होतं. नुसता बर्फ रचू नका. खड्यांच्या मधे हवा राहते, पाणी मात्र काचेला सगळीकडून भिडतं. होड्यांसाठी येणारा बर्फ बादलीपुरता चालतो, पेल्यात टाकायला अजिबात नाही. बुडबुड्यांची बाटली फ्रीझरमध्ये विसरलात तर फुटेल.

पेल्यात एका वेळी ६० मिलिलिटरपेक्षा जास्त ओतू नका. थोडी ओता, गार असताना संपवा, मग पुन्हा ओता. मधल्या वेळेत बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून बादलीतच राहू द्या. साठ मिलिलिटरचा हिशोब मधुमेहींसाठीही उपयोगी आहे: लिटरला १०० ग्रॅम साखर असलेल्या वाइनच्या एवढ्या पेल्यात ६ ग्रॅम साखर जाते. ज्यांची औषधं चालू आहेत त्यांनी डॉक्टरांना विचारून मगच घ्यावी.

चाखण्याचा क्रम कमी गोडाकडून जास्त गोडाकडे: आधी बुडबुड्यांची, मग लेट हार्वेस्ट, शेवटी पोर्ट. घोट गिळल्यावर क्षणभर थांबा. तोंडाला पाणी सुटलं तर आंबटपणा पुरेसा आहे. जीभ जड होऊन पाण्याचा पेला शोधावासा वाटला तर नाही. वहीत एवढंच लिहिलं तरी पुरे.

सोबतीला गोड पदार्थ ठेवायची सवय सोडून बघा. गुलाबजामाशेजारी कुठलीही गोड वाइन आंबट आणि फिकी पडते, कारण वाइन पदार्थापेक्षा गोड असावी लागते. त्याऐवजी तिखट घ्या. लाल मसाला लावून रव्यात घोळवलेले, कुरकुरीत तळलेले ओले बोंबील आणि गार शेनिन लेट हार्वेस्ट ही जोडी मला सगळ्यात आवडते. साखर मिरचीची आग शमवते, आंबटपणा तेल कापतो. कडक, जास्त टक्क्यांची वाइन तिखटाबरोबर घेऊ नका, अल्कोहोलने आग वाढते. सुक्या जवळ्याची चटणी आणि भाकरी असेल तर बुडबुड्यांची फळांची वाइन. पोर्ट जेवणानंतर, भाजलेल्या काजूंबरोबर.

उघडलेली बाटली उभी करून, घट्ट बंद करून फ्रीजमध्येच ठेवा, पोर्टसुद्धा. बुडबुड्यांची दुसऱ्या दिवशी संपवावी. लेट हार्वेस्ट आठवडाभर चांगली राहते, खरी पोर्ट दोन-तीन आठवडे. न उघडलेल्या बाटल्या पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवा, नाहीतर लेबलाला बुरशी येते. बूच असलेली आडवी, फिरकीच्या झाकणाची उभी. तळाशी उरलेल्या लेट हार्वेस्टमध्ये पिकलेल्या चिकूच्या फोडी आणि लिंबाचे चार थेंब घालून तासभर फ्रीजमध्ये मुरू द्या आणि गारच खा.