पुढच्याची रेघ, आपला वेग

गुलमर्गला किंवा औलीला स्की शिकायला गेलेला माणूस सुरुवातीला स्नोप्लाव शिकतो, म्हणजे स्कींची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब ठेवून घासत उतरायला. पुष्कळ जण मग तिथेच अडतात. त्यांना मी सांगेन, आपल्यापेक्षा थोड्या अधिक सफाईने उतरणाऱ्याच्या मागे जा. मात्र त्याच्याकडून काय घ्यायचं ते आधी ठरवा. घ्यायचा तो वळणाचा आकार. सफाईदार स्कीअर वळण पुरतं गोल करतो, शेवटी स्की उताराला आडव्या येतात आणि वेग तिथेच ओसरतो. नवखा घाबरून वळण अर्ध्यात सोडतो, त्यामुळे पुढचं वळण वाढलेल्या वेगातच सुरू होतं. हे तोंडी सांगून पायांना कळत नाही, बर्फावरच्या रेघेवरून जाताना कळतं. प्रशिक्षक विद्यार्थ्यांची रांग मागे घेऊन नागमोडी उतरतात ते याचसाठी. पण मागचा हमखास कोपरा कापतो. थोडं आतून गेलं तरी वाट आखूड आणि तीव्र होते, वेग वाढतो, दोघांतलं अंतर मिटू लागतं, आणि मग पुन्हा स्की घासून थांबणं आलंच. अंतर मिटतंय म्हणजे रेघ सुटली, एवढी खूण पुरे. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या आचारनियमांनुसारही पुढच्याला धोका होऊ न देण्याची जबाबदारी मागच्यावरच असते.

नक्कल केली की दोषही येतात, असा आक्षेप घेतला जातो, आणि तो अर्धा खरा आहे. मागून खांदे नि हात दिसतात. खरं काम पावलाखाली, स्कीच्या कडेवर चालतं. म्हणून हातवाऱ्यांची नक्कल नको, वळण कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं तेवढं पाहावं. पायातली स्कीही पाहावी. पुरुषांच्या जायंट स्लॅलम शर्यतीच्या स्कीच्या कडेच्या वक्राची त्रिज्या किमान 30 मीटर असते, स्लॅलमची त्याच्या निम्म्याहूनही कमी. जायंट स्लॅलमवाल्याची लांबलचक वळणं नवख्याने गिरवू नयेत. त्या वळणांत त्याच्या हाती फक्त वेग लागेल.

आणखी एक गोष्ट उसनी घेऊ नये, ती म्हणजे पुढच्याचा निर्णय. इयन मॅककॅमन यांनी अमेरिकेतल्या हिमस्खलनाच्या अपघातांचा अभ्यास करून हेच दाखवलं, की गट ज्याला जाणता मानून मागे जातो, त्याला हिमस्खलनाचं ज्ञान असतंच असं नाही. छान उतरता येणं आणि बर्फ ओळखता येणं या वेगळ्या विद्या आहेत. गुलमर्गच्या गोंडोलाचा दुसरा टप्पा अफरवत डोंगरावर नेतो. तिथला बहुतेक बर्फ यंत्राने दाबलेला नसतो. 2023 च्या फेब्रुवारीत त्या डोंगरावर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर दगावले. म्हणून आदल्या रात्री किती बर्फ पडला, आज कोणते उतार बंद आहेत, हे स्की पॅट्रोलला, म्हणजे उतारांवरच्या गस्तपथकाला, आपणच विचारावं, पुढचा ‘चला हो, मी आहे ना’ म्हणाला तरी.