पेसाहच्या रात्रीचे चार प्याले

प्रश्न : ज्यू लोकांच्या पेसाह सणाला सारे घर एकत्र बसून वाइन पिते आणि तोही प्रार्थनेचाच भाग असतो, असे वाचले. आमच्याकडे सणासुदीला मद्याचे नावही निघत नाही. मग या पिण्याला आध्यात्मिक अर्थ कसा काय?
– एक वाचक, धारवाड

उत्तर : याचे उत्तर मराठी घरांतच मिळते. नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटले आणि वाचलेल्यांनी अलिबागच्या परिसरात संसार मांडले, असे बेने इस्रायली या मराठी ज्यू समाजाची परंपरा सांगते. ते तेल गाळत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून कोकणाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. रोहेकर, पेणकर, किहीमकर, दिवेकर ही त्यांची आडनावे.

या घरांत शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, सुरू होतो तो किद्दुशने. घरातला कर्ता हातात प्याला घेऊन द्राक्षवेलीचे फळ निर्माण करणाऱ्या देवाचे आभार मानतो, घोट घेतो आणि मग सगळ्यांना देतो. धर्मनियमांना चालेल अशी वाइन इथे कुठून मिळणार? म्हणून काळ्या मनुका धुऊन भिजत घालायच्या, चांगल्या मऊ झाल्या की कुस्करून फडक्यातून गाळायच्या. तेच सरबत किद्दुशला चालते. मनुकांच्या रसाला ज्यू धर्मशास्त्राचीही मान्यता आहे. तुमचा धारवाड जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता आणि तिथे १९४९ चा दारूबंदी कायदा लागू होता. अशा काळातही या सरबतावर किद्दुश होऊ शकत होता. म्हणजे महत्त्व नशेला नाही.

मग कशाला आहे? पेसाह म्हणजे मिसरच्या (इजिप्तच्या) गुलामगिरीतून सुटल्याचा सण. त्या रात्री प्रत्येकाने चार प्याले प्यायचे असतात. पहिला सण पवित्र करताना, दुसरा सुटकेची कथा सांगून झाल्यावर, तिसरा जेवणानंतरच्या आभारांचा आणि चौथा स्तोत्रे गाऊन झाल्यावर. बायबलमधल्या निर्गमाच्या पुस्तकात देव चार वचने देतो : बाहेर काढीन, दास्यातून सोडवीन, उद्धार करीन, आपली प्रजा करून घेईन. एकेक प्याला एकेका वचनाचा. पिताना डावीकडे रेलून बसायचे, कारण निवांत रेलून पिणे हा स्वतंत्र माणसाचा हक्क. दान घेऊन जगणाऱ्या गरिबालाही हे चार प्याले मिळालेच पाहिजेत, असा नियम आहे. स्वातंत्र्याचा आनंद ऐपतीवर ठरत नाही.

या विधीतला मला सर्वांत मोठा वाटणारा क्षण दुसऱ्या प्याल्याचा आहे. मिसरवर आलेल्या दहा संकटांची नावे घेताना प्रत्येक नावाला प्याल्यातला एक थेंब बाहेर काढून ताटलीत टाकतात. आपली सुटका झाली, पण त्यात शत्रूची माणसे मेली; तेवढा आपला आनंद कमी व्हायला हवा, असा त्याचा अर्थ लावला जातो. आणखी एक प्याला एलियाहू संदेष्ट्यासाठी भरून ठेवतात. बेने इस्रायली मलिद्याच्या विधीत पोहे, नारळ आणि फळांच्या ताटासमोर ज्याची आळवणी करतात, तोच हा एलियाहू हन्नाबी.

पुण्यात १८७४ साली मराठी भाषांतरासह हग्गादा, म्हणजे पेसाहच्या रात्री वाचायची पोथी, छापली गेली. या रात्रीची कथा मुलांना घरच्या भाषेत कळावी, यासाठीच असे ग्रंथ. त्या रात्री घरातले सर्वांत लहान मूल प्रश्न विचारते आणि मोठी माणसे उत्तर देतात.

पुरिम या दुसऱ्या सणाला मात्र भरपूर पिण्याची मुभा तालमूद हा ज्यू धर्मग्रंथ देतो. पण त्याला लागूनच एक गोष्टही सांगतो : नशेत रब्बा या धर्मपंडिताने रब्बी झेराला मारले, दुसऱ्या दिवशी प्रार्थनेने जिवंत केले. पुढल्या वर्षीचे निमंत्रण झेराने नाकारले, कारण चमत्कार दरवेळी होत नाही.

तेव्हा प्याल्यात वाइन आहे की मनुकांचे सरबत, यावर अर्थ अवलंबून नाही. एकट्याने पिऊन स्वतःला विसरता येते. इथे सगळे एका आशीर्वादानंतर पितात, ते आपण कोण होतो हे आठवण्यासाठी, आणि गरिबाला व शत्रूलाही त्या आनंदाच्या हिशोबात धरतात. कोणी पेसाहला बोलावले तर जरूर जा. फक्त आशीर्वाद होईपर्यंत प्याला ओठांना लावू नका.