दात पडला तर आधी दूध शोधा

शाळेत खेळ शिकवतो. कबड्डीत डोक्याला डोकं लागतं, खो-खोत सूर मारताना तोंड खांबावर आपटतं, आणि वरचे दोन पटाशीचे दात सगळ्यात आधी जातात. सातारा जिल्ह्यातल्या मैदानांवर हे वर्षानुवर्षं पाहत आलोय. त्यातून जे कळलं ते असं.

१. तुकडा शोधा

मूल तोंड धरून उभं राहिलं की सगळे त्याच्याभोवती गोळा होतात आणि दाताचा टवका पायाखाली मातीत जातो. मी एकाला मुलाजवळ थांबवतो आणि बाकीच्यांना टवका शोधायला लावतो. तो सापडला आणि धड असला तर दंतवैद्य तोच परत चिकटवू शकतात. रंग-आकार जुळवायची कटकट उरत नाही. फक्त तो ओला ठेवायचा, दुधात नाहीतर पाण्यात. रुमालात बांधून आणू नये.

सापडलाच नाही तर ओठाकडे बघा. फुटलेल्या, सुजलेल्या ओठात टवका रुतून बसतो आणि वरून टाके पडले तर आतच राहतो. ‘तुकडा मिळालेला नाही’ एवढं डॉक्टरांना आवर्जून सांगा, ते ओठाचाही एक्स-रे काढतात. आणि मातीत पडून जखम झालेली असली तर धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारून घ्या.

२. रडण्यावरून मोजू नका

“सर, दुखत नाही म्हणतोय, मग दवाखाना कशाला?” हे वाक्य आयांकडून नेहमी ऐकतो. दाताचं वरचं कवच, इनॅमल, हा शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ. पण त्यात संवेदना नसते आणि एकदा गेलं की ते पुन्हा येत नाही. तेवढंच उडालं तर खरंच दुखत नाही, कड जिभेला बोचते इतकंच. त्याखालचा पिवळसर थर उघडा पडला की गार पाणी झोंबतं, तोंडानं श्वास घेतला तरी कळ येते. तुटलेल्या जागी लालसर ठिपका दिसला किंवा रक्त आलं तर नस उघडी पडली. त्याच दिवशी दंतवैद्य गाठायचा.

फसवणारा दात वेगळाच. मार बसलेला असतो, तुटलेलं काही नसतं, मूल दुसऱ्या दिवशी खेळायला हजर. काही महिन्यांनी तो दात राखाडी दिसायला लागतो, कारण आतली नस केव्हाच मेलेली असते. म्हणून डॉक्टर दीड-दोन महिन्यांनी आणि मग वर्षानं परत बोलावतात. पालक पहिल्या खेपेला धावत जातात, पुढच्या विसरतात. मी तारखा वहीत लिहून ठेवतो आणि वर्गात जाऊन विचारतो.

३. अख्खा दात मुळासकट आला तर बोलत बसू नका

तालुक्याच्या स्पर्धेत आठवीतल्या एका मुलीनं खांबाकडे सूर मारला आणि दात मुळासकट बाहेर. पांढऱ्या भागाला धरून उचलला. मुळाला बोट लावायचं नाही, घासायचं नाही, कारण मुळावर चिकटलेल्या पेशी जिवंत असतात आणि दात हिरडीत पुन्हा रुजायचा तर त्यांच्याच बळावर. खरं म्हणजे तो हलकेच धुऊन तिथल्या तिथे खाचेत बसवायचा आणि मुलाला रुमाल चावून धरायला सांगायचं, हे सगळ्यात उत्तम. पोरगी इतकी घाबरली होती की तोंड उघडेना. मग टपरीवरून दूध मागवलं. पातेल्यातल्या दुधात साखर पडलेली होती, म्हणून न फोडलेली पिशवी घेतली, कोपरा कापला, थोडं दूध दातावर ओतून माती घालवली आणि दात पिशवीतच सोडला. मुख्याध्यापकांच्या गाडीतून दवाखान्यात पोचेपर्यंत पिशवी तिच्याच हातात दिली होती. तिला तेवढा धीर आला.

दात कोरडा राहिला तर तासाभरात त्या पेशी मरतात. साधं पाणी ठेवायला चालत नाही, त्यात पेशी फुगून फुटतात. डॉक्टरांनी दात बसवून शेजारच्या दातांना तारेनं दोन आठवडे बांधला, पुढं रूट कॅनॉल केलं. दात आहे अजून.

४. दुधाचा दात पडला तर परत बसवू नका

तो परत बसवला तर आत वाढणाऱ्या पक्क्या दाताच्या कोंबाला इजा होऊ शकते. दवाखान्यात मात्र दाखवा.

५. लहान मुलाच्या रूट कॅनॉलला लगेच मान डोलवू नका

पटाशीचे पक्के दात सातव्या-आठव्या वर्षी येतात, पण त्यांचं मूळ पुरं व्हायला आणखी तीनेक वर्षं जातात. त्याआधी दात तुटून नस उघडी पडली तर तिचा वरचा थोडासाच भाग काढून, औषध भरून बाकीची नस जगवता येते आणि मूळ वाढत राहतं. ‘मूळ पूर्ण झालंय का?’ हा एक प्रश्न पालकांनी विचारावाच. चांगला डॉक्टर त्यावर चिडत नाही, एक्स-रे समोर धरून दाखवतो.

६. लवंगेचं तेल ठणका उतरवतं, दात सांधत नाही

दवाखाना गाठेपर्यंत कापसाच्या बोळ्यानं दाताला लावा. अ‍ॅस्पिरिनची गोळी हिरडीत दाबून ठेवायचा उपाय मात्र वाईट, हिरडी भाजते.

७. मोठ्यांचा दात ताटात तुटतो

सुपारी, भातातला खडा, आणि माझ्या बाबतीत डिंकाचा लाडू. डिंक नीट फुलला नसेल तर आत खडीसारखा राहतो. जुनी चांदी भरलेली माझी दाढ त्यानं चिरली. चावताना काही नाही, चावा सोडला की कळ. असं झालं तर दाढ चिरली असा संशय घ्यावा. वेळेत कॅप बसली तर दाढ वाचू शकते. चीर मुळापर्यंत उतरली की बहुतेक वेळा काढावीच लागते. खर्च परवडत नसेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथं सरकारी दंत महाविद्यालयं आहेत. रांग असते, पण काम चोख होतं.

८. माउथगार्ड

दातांच्या बचावासाठी तोंडात घालायचा हा गार्ड गरम पाण्यात मऊ करून चावून बसवायचा मिळतो. चढाईला गेलेल्या मुलाला तो घालून ‘कबड्डी, कबड्डी’चा दम घ्यायला जड जातं, हे कबूल. पण पकड करणाऱ्यांना आणि खो-खोत पाठलाग करणाऱ्यांना घालायला हरकत नाही.

पुढच्या पालकसभेत गुणांबद्दल विचारून झालं की खेळाच्या शिक्षकांनाही एक विचारा: एखाद्या मुलाचा दात मुळासकट पडला, तर तुम्ही काय कराल? त्यांना सांगता आलं नाही, तर हा लेख त्यांच्या हातात द्या.