पत्ते माळ्यावरून खाली काढ

अगं, काल फोनवर तू किती सहज म्हणालीस, "ताई, पत्ते, दोऱ्या, रुमाल सगळं माळ्यावर टाकलं. आता कन्सल्टंट झाले, शोभत नाही." माझा कुकर शिट्ट्या मारत होता, तुलाही राउंडला पळायचं होतं, म्हणून तेव्हा गप्प बसले. आज रविवार आहे, माझा ऑन-कॉल नाही, आणि व्हाइटफील्डमध्ये असा पाऊस लागला की वर्तूर रोडवर कुणी कुठे हलत नाही. म्हणजे तूही घरीच. ऐक आता.

हे "शोभत नाही" तुझं नव्हेच. कॉफी पिताना कुणीतरी सीनियरने चिमटा काढला असणार, डॉक्टर आहात की मदारी म्हणून. कोण ते मी विचारत नाही. पण मला एक सांग, जादूगार रघुवीरांचा वारसा चालवणाऱ्यांचे प्रयोग बघून आल्यावर रात्रभर आईच्या रुमालाला गाठी मारत बसलेली मुलगी, जिने रेसिडेन्सीतल्या छत्तीस तासांच्या ड्युटीनंतरही वसतिगृहाच्या जिन्यात बसून पत्ते पिसले, तिने एका वाक्यासाठी हे सगळं माळ्यावर टाकायचं? पुण्याच्या त्या घरात आजोबा रघुवीर, मग विजय, मग जितेंद्र, अशा तीन पिढ्यांनी जादू पोटापाण्यासाठी केली आणि मान वर करून केली. तुझं तर पोटही तिच्यावर नाही.

आपल्याकडे डॉक्टरने रंगमंचावर जाणं नवीन आहे असंही नाही. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन. वर्षानुवर्षं दवाखाना आणि नाटक दोन्ही केलं, आणि १९६९ साली, चाळिशी उलटल्यावर, दवाखाना सोडून पूर्णवेळ नट झाले. लोकांना हीच गोष्ट आठवते, कारण सोडण्यात नाट्य असतं. पण मला तुझ्यासाठी जब्बार पटेल जास्त जवळचे वाटतात. बालरोगतज्ज्ञ, म्हणजे तुझ्याच शाखेचे. दौंडला दवाखाना आणि पुण्यात तालमी. १९७२ साली 'घाशीराम कोतवाल' त्यांनी बसवलं तेव्हा दौंडच्या पोरांचे ताप-खोकले काही थांबले नव्हते. त्याच नाटकात नाना फडणवीस झाले मोहन आगाशे, मानसोपचारतज्ज्ञ. त्यांनीही डॉक्टरकी सोडली नाही. तेव्हा हे की ते, असा प्रश्न तुझ्यापुढे कुणी टाकलेलाच नाही. तूच तो ओढवून घेते आहेस.

बरं, नाटकाला लोक नाक मुरडत नाहीत आणि जादूला मुरडतात, हे मात्र खरं. त्याला कारणही आहे, आणि ते तू नीट समजून घ्यावंस. नट खोटं बोलतो ते समोरच्या पात्राशी. जादूगार थेट समोर बसलेल्या माणसाला फसवतो. डॉक्टरने कुणाला फसवायचं नसतं, ही आपल्या धंद्याची पहिली अट. मग दोन्ही एका अंगात कसं राहणार, असं लोकांना वाटतं. मलाही पूर्वी वाटायचं.

उत्तर सापडायला आपल्याला लांब जायला नको, इथल्या इथे मिळतं. काडुगोडीजवळ सत्यसाईबाबांचा वृंदावन आश्रम आहे. हवेतून विभूती, अंगठ्या काढून देणं ही त्यांची ख्याती होती. १९७६ साली बंगळूर विद्यापीठाचे कुलगुरू होते डॉ. एच. नरसिंहय्या, भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, खादी घालणारे गांधीवादी. त्यांनी चमत्कारांची तपासणी करायला समिती नेमली आणि बाबांना पत्र धाडलं की आमच्यासमोर करून दाखवा. त्यांचं म्हणणं साधं होतं, अंगठी कशाला, बाहीत मावणार नाही असा भोपळा काढा की. बाबा काही समितीपुढे आले नाहीत. आणि याच व्हाइटफील्डमध्ये २००१ साली त्यांच्याच ट्रस्टचं मोठं रुग्णालय सुरू झालं, जिथे हृदयाच्या आणि मेंदूच्या शस्त्रक्रिया पैसे न घेता होतात. कितीतरी घरांतली माणसं तिथून बरी होऊन आली आहेत. मी दोन्ही गोष्टी मानते. रुग्णालय चालतं ते सर्जन, भूलतज्ज्ञ, परिचारिका आणि हृदय-फुप्फुस यंत्रावर. तिथे कुणी हवेतून झडप काढत नाही.

आपल्याकडचे नरेंद्र दाभोलकर बघ. मिरजेहून एम.बी.बी.एस. झालेले, साताऱ्याला दवाखाना चालवलेले. १९८९ साली अंधश्रद्धा निर्मूलन समिती काढली आणि बुवांच्या हातचलाख्याच शाळाशाळांतून करून दाखवायला लावल्या. मंत्राने होम पेटवायचा म्हणजे खाली पोटॅशियम परमँगनेट आणि वरून तूप म्हणून ग्लिसरीन. पोरं आधी आ वासायची, मग खदाखदा हसायची. तीच हातचलाखी, पण शेवटी पडदा उघडलेला. २० ऑगस्ट २०१३ ला त्यांना गोळ्या घातल्या. इतकी ही गोष्ट काही लोकांना झोंबते.

तेव्हा तुझी सीमा ही. समोरच्याला माहीत असलं पाहिजे की आता आपल्याला गंडवणार आहेत, आणि तो हो म्हणालेला असला पाहिजे. "तुला एक जादू दाखवू?" हे विचारणं म्हणजे तुझं संमतीपत्र. ते विचारलंस की मनसोक्त फसव. न विचारता एक रुमालही गायब करायचा नाही. आणि औषधाच्या जवळपास तर जादू आणायचीच नाही. "ही जादूची गोळी घे" हे तुझ्या तोंडून ऐकलं तर मी स्वतः तुझे पत्ते घेऊन जाईन. १९५४ पासून आपल्या देशात जादुई उपायांच्या जाहिरातींविरुद्ध कायदा आहे, तो उगाच नाही. गंमत म्हणजे खोटं बोलायची गरजही नसते. हार्वर्डच्या टेड कॅपचुक यांनी २०१० साली आतड्याच्या तक्रारीच्या ऐंशी पेशंटांवर एक अभ्यास छापला. जवळपास निम्म्यांना स्पष्ट सांगून गोळ्या दिल्या की यात औषध नाही. तरी त्यांना काहीच न घेणाऱ्यांपेक्षा जास्त आराम वाटला. अभ्यास लहान आहे, तीन आठवड्यांचाच, फार ताणू नकोस. पण खरं सांगूनही माणसाच्या मनाशी खेळता येतं एवढं त्यातून दिसतं.

आता वॉर्डातलं बोलू, कारण तिथे मला जादूपेक्षा जास्त कळतं. आम्ही भूलवाले मुलांना ओटीच्या दारात भेटतो, आणि ते दार म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे. आईचा पदर सुटत नाही, पोर लाथा झाडतं, बाप दुसरीकडे बघतो. पेरेट्झ आणि ग्लुक या दोन दंतवैद्यांनी अशाच मुलांवर केलेला एक प्रयोग २००५ साली छापला. तीन ते सहा वर्षांची, खुर्चीत बसायला साफ नकार देणारी मुलं. काहींना नेहमीसारखं समजावलं, काहींना चाळलं की कोऱ्या पानांवर चित्रं येतात ते जादूचं पुस्तक दाखवलं. पुस्तकवाली मुलं लवकर खुर्चीत बसली. तुझ्याकडे ते पुस्तक आहेच, माळ्यावर असेल. आधी ते काढ. पानं गुळगुळीत कागदाची आहेत, पुसता येतात.

पुसता येणं महत्त्वाचं. तुझे ते लाल स्पंजचे चेंडू मला फार आवडतात, पण ते एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर न्यायचे नाहीत. धुऊन निर्जंतुक होत नाहीत ते. पूर्ण प्लास्टिकचे पत्ते घे, प्रत्येक मुलानंतर पूस, हात तर धूच. कोपरापर्यंत बाह्या वर हा आपला नियम तुझ्या फायद्याचाच आहे, बाहीत काही नाही हे वेगळं सांगावं लागत नाही.

नाणं कानातून काढायची सवय मात्र मोड. चार वर्षांचं पोर घरी जाऊन तेच नाणं स्वतःच्या कानात, नाकात, नाहीतर तोंडात घालून बघणार आणि मग तुझ्याचकडे परत येणार. बोटाच्या टोकाला लागणारा तो लाल दिवा तर हॉस्पिटलात आणूच नकोस. त्यात बटन बॅटरी असते. अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत जाळते, हे तुला मी सांगायला नको. तसंच चुंबक. एकापेक्षा जास्त गिळले गेले की आतड्याच्या भिंती मधे चिमटतात आणि भोक पडतं. जादूच्या दुकानात ही धोक्याची सूचना कुणी देत नाही. बाकीच्या जादूगारांनाही हे तूच सांगायला हवंस, त्यांच्यात डॉक्टर किती असणार.

आणि देवाशपथ, हवेतून चॉकलेट काढू नकोस! सकाळी साडेआठच्या यादीतलं पोर सहा तास उपाशी ठेवलेलं असतं, तू कौतुकाने त्याच्या हातात टॉफी ठेवतेस, ते गट्ट करतं, आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते. सर्जन माझ्यावर ओरडतो, तुझ्यावर नाही.

अजून एक, पुस्तकात मिळणार नाही असं. ओटीच्या दारात काही गायब करायचं नाही. ज्या मुलाची आई आता पाच मिनिटांत दिसेनाशी होणार आहे त्याच्यासमोर ससा नाहीसा करणं ही काय जादू झाली? तिथे नसलेली वस्तू आणायची, फाटलेली जोडायची, दोरी कापून सांधायची. गायब करायचे प्रयोग डिस्चार्जच्या दिवशी, घरी निघालेल्या पोरासमोर. आणि म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डात, ज्यांना दिवस-रात्रीचं भान राहत नाही त्यांच्यापुढे, मुळीच नाही. ज्याचा आधीच आपल्या डोळ्यांवर विश्वास उरलेला नाही त्याला गंडवण्यात मजा कसली.

याच्या पलीकडे जादूचा खरा औषधासारखा उपयोगही होतो, पण तो वेगळा. जादूगार डेव्हिड कॉपरफील्डने १९८२ साली प्रोजेक्ट मॅजिक सुरू केला, हातांची हालचाल गमावलेल्या पेशंटांना व्यायामासारखी हातचलाखी शिकवायचा. लंडनच्या 'ब्रीद मॅजिक'मध्ये एका बाजूचा हात कमजोर असलेली मुलं शिबिरात जादू शिकतात, कारण जादूला दोन्ही हात लागतातच. पेशंट बघणारा नाही, करणारा. तुमच्या फिजिओथेरपीवाल्यांशी बोलून बघ. त्यांच्याकडे वीस वेळा मूठ उघड-मीट करून वैतागलेली पोरं असतात. पण ते ठरवायचं त्यांनी, तू शिकवायला जायचं, बस.

शिकागोचे डॉ. रिकार्डो रोझेनक्रांझ नवजात बाळांचे डॉक्टर आहेत. युजीन बर्गरसारख्या जादूगाराकडे ते शिकले, २०१६ साली नाट्यगृहात स्वतःचा प्रयोग लावला, आणि मेडिकल कॉलेजात विद्यार्थ्यांना जादूतून पेशंटशी कसं वागायचं ते शिकवतात. मला त्यांचं हे पटतं. जादूगाराला समोरच्याचे डोळे कुठे आहेत हे क्षणोक्षणी ठाऊक असावं लागतं. आपल्यातले किती जण पेशंटकडे बघतात आणि किती संगणकाच्या पडद्याकडे, हे ओपीडीत बसून मोज एकदा.

तरीपण तुझ्या सीनियरला हे असलं काही ऐकवू नकोस. "सर, यामुळे माझं काम सुधारतं" ही वकिली नको. सुधारत असेल, नसेलही. तुला आवडतं म्हणून तू करतेस, एवढं कारण पुरे. कुणी बॅडमिंटन खेळतं त्याला विचारतात का, याचा पेशंटला काय फायदा? राउंड वेळेवर, नोंदी पूर्ण, फोन उचललेला, एवढं असलं की कॉफीवरचे चिमटे आपोआप बोथट होतात. आणि नोकरीच्या करारात बाहेरच्या कामाबद्दल काय लिहिलंय ते एकदा वाच. पैसे घेऊन प्रयोग करणार असशील तर लेखी विचार, तोंडी नको. पत्रिकेवर हॉस्पिटलचं नाव घालू नकोस, "डॉक्टर" लावायचं की नाही ते तुझं तू ठरव. मी नसतं लावलं.

सराव किती करायचा ते मला कळत नाही, पण तू रेसिडेन्सीत जे केलंस तेवढा वेळ आताही निघेल. मेट्रो झाल्यापासून तू काडुगोडीहून बसतेस, जागा मिळते. तिथे पत्ते काढ. शेजारचा आयटीवाला मोबाइलमधून मान वर काढेल.

राहिला तुझ्या सोसायटीचा गणपती. परवा सेक्रेटरी काका तुला विचारत होते म्हणालीस, आणि तू विषय बदललास. हो म्हण. अर्ध्या तासाचाच कार्यक्रम, त्यापेक्षा मोठा नको, पोरं आरतीनंतर भुकेली असतात. पहिल्या वर्षी फुकट कर. पण पुढच्या वर्षी वर्तूरच्या आणि होप फार्मच्या सोसायट्या "आपल्याच डॉक्टर आहेत" म्हणत रांगेत उभ्या राहतील, तेव्हा आकडा सांगायला लाजू नकोस. तबलजी पैसे घेतो, मांडववाला घेतो. स्टेजवर कुणी छाती दाबून बसलं तर तू जादूगार नाहीस, डॉक्टर आहेस, हे आयोजकांना आधी सांगून ठेव, आणि रुग्णवाहिकेचा नंबर त्यांच्याचकडे असू दे.

त्या दिवशी ऑन-कॉल घेऊ नकोस. तारीख नक्की झाली की मला लगेच कळव, रोस्टर पुढच्या आठवड्यात निघतो, माझी संध्याकाळची ड्युटी मी बदलून घेते.