प्रकाशाचा अंदाज घेणारा कॅमेरा

प्रस्तावना

घरातील जुना अल्बम उघडला की लग्नाची, बारशाची, सहलीची छायाचित्रे समोर येतात. त्यांपैकी काहींत चेहरे स्पष्ट असतात. काही काळवंडलेली असतात, तर काही इतकी फिकट, की नवरा-नवरी कोठे संपतात आणि मांडवाचे कापड कोठे सुरू होते हे कळत नाही. छायाचित्र काढणाऱ्याचा हात थरथरला असे नेहमीच नसते. पुष्कळदा त्याचा प्रकाशाचा अंदाज चुकलेला असतो. हा अंदाज माणसाऐवजी कॅमेऱ्यानेच घ्यावा, आणि असा कॅमेरा सामान्य माणसाला परवडावा, यासाठी झालेल्या प्रयत्नांतून एक विलक्षण यंत्ररचना जन्माला आली. बॅटरीवाचून चालणाऱ्या त्या रचनेची माहिती या पाठात दिली आहे.

मूळ पाठ

फिल्मवर रासायनिक लेप असतो. त्यावर प्रकाश पडला की चित्र उमटते. हा प्रकाश मोजका हवा. तो कमी पडला तर छायाचित्र काळपट, मळकट होते. जास्त पडला तर पांढुरके होते. प्रकाशाचे माप ठरविण्याची साधने दोन. भिंगामागील छिद्र लहान-मोठे करता येते आणि शटर किती वेळ उघडे राहावे हे ठरविता येते. नळाची तोटी किती सोडायची आणि किती वेळ सोडायची, या दोन गोष्टींवर जशी बादली भरणे अवलंबून असते, तसेच हे आहे. बादलीचा आकार म्हणजे फिल्मची संवेदनशीलता. १०० अंकाच्या फिल्मला जेवढा प्रकाश लागतो, त्याच्या निम्मा २०० अंकाच्या फिल्मला पुरतो.

छिद्राचे माप २.८, ४, ५.६, ८, ११, १६, २२ अशा अंकांनी दाखवितात. अंक वाढला की छिद्र लहान होते, आणि प्रत्येक पायरीला आत येणारा प्रकाश निम्मा होतो. नवख्या माणसाला ही उलटी मोजणी गोंधळात टाकते. ती सवयीनेच अंगवळणी पडते.

खरी अडचण डोळ्यांची आहे. दुपारच्या उन्हातला प्रकाश आणि रात्री दिवा लावलेल्या खोलीतला प्रकाश यांत सुमारे हजारपटीचा फरक असतो. पण डोळा इतक्या लवकर जुळवून घेतो की माणसाला तो जाणवतच नाही. त्यामुळे व्यावसायिक छायाचित्रकार अनुभवावर किंवा हातातल्या प्रकाशमापकावर विसंबून असत. हौशी माणसासाठी साध्या कॅमेऱ्यांवर नुसत्या खुणा असत. भारतात अनेक घरांत पोहोचलेल्या आग्फा क्लिक थ्री या कॅमेऱ्यावर ऊन आणि ढग यांच्या खुणा होत्या. आकाशाकडे बघायचे आणि खूण फिरवायची, एवढेच काम. पण ओसरीत, झाडाखाली किंवा तिन्हीसांजेला या खुणांपैकी कोणतीच पुरी पडत नसे.

उपाय एका धातुसदृश मूलद्रव्यात दडलेला होता. १८७३ मध्ये विलोबी स्मिथ हा इंग्रज अभियंता समुद्राखालून जाणाऱ्या तारायंत्राच्या केबलसाठी सेलेनियमच्या कांड्या तपासत होता. प्रकाश पडताच सेलेनियमचा विद्युतरोध कमी होतो, असे त्याच्या लक्षात आले. पुढे १८७६ मध्ये ॲडम्स आणि डे या संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. प्रकाश पडल्यावर सेलेनियममध्ये स्वतःहूनच वीज निर्माण होते. प्रकाश जितका जास्त, तितका प्रवाह जास्त. १९३० च्या दशकात या तत्त्वावर चालणारे हातात धरण्याचे प्रकाशमापक बाजारात आले. त्यांतला काटा पाहून माणूस आकडा वाचायचा आणि कॅमेऱ्यावर छिद्र व शटर जुळवायचा.

वाचणारा माणूस मधून काढून टाकण्याचा पहिला यशस्वी प्रयत्न कोडॅक कंपनीने १९३८ मध्ये ‘सुपर कोडॅक सिक्स-ट्वेंटी’ या कॅमेऱ्यात केला. त्याची किंमत २२५ डॉलर होती. सामान्य माणसाला ती परवडण्यासारखी नव्हती. फारच थोडे नग तयार झाले. स्वयंचलित प्रकाशयोजना सर्वसामान्यांच्या हाती पोहोचविण्यात जपानचाही मोठा वाटा होता. ऑलिंपस कंपनीतील योशिहिसा मैतानी या तरुण अभियंत्याने १९५९ मध्ये ‘पेन’ हा छोटा कॅमेरा आणला. तो फिल्मच्या एका चौकटीच्या जागेत दोन छायाचित्रे घेत असे, त्यामुळे ३६ छायाचित्रांच्या रोलवर ७२ निघत. १९६१ मध्ये त्याच मालिकेत ‘पेन ईई’ आला. त्यात माणसाने चौकट पाहायची आणि कळ दाबायची. बाकी सारे कॅमेरा करी. याच रचनेचा मोठा भाऊ म्हणजे १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात आलेला ‘ट्रिप ३५’. तो १९८० च्या दशकापर्यंत तयार होत राहिला.

पाठगत प्रश्न
१. छिद्राचा अंक ८ वरून ११ केल्यास आत येणाऱ्या प्रकाशात कोणता बदल होतो?
२. ऊन आणि ढग यांच्या खुणा कोणत्या वेळी अपुऱ्या पडत?

काटा आणि पायऱ्या

ट्रिप ३५ च्या भिंगाभोवती बारीक बुडबुड्यांसारखे दिसणारे एक कडे आहे. पुष्कळांना ते नक्षीकाम वाटते. प्रत्यक्षात ती इवल्या भिंगांची रांग आहे आणि तिच्यामागे सेलेनियमची पट्टी आहे. ती भिंगाभोवतीच बसविण्यात एक शहाणपण आहे. भिंगावर पिवळी किंवा तांबडी काच चढविली, तर तीच काच सेलेनियमलाही झाकते. म्हणजे काचेने अडविलेल्या प्रकाशाचा हिशेब आपोआपच होतो.

सेलेनियममध्ये निर्माण झालेली वीज तारेच्या एका बारीक वेटोळ्यात जाते. हे वेटोळे चुंबकाच्या दोन टोकांमध्ये टांगलेले असते. वीज वाहू लागली की ते किंचित फिरते आणि त्याला जोडलेला काटा सरकतो. येथवर सारे प्रकाशमापकासारखेच आहे. प्रश्न पुढे आहे. ही वीज इतकी क्षीण असते, की तिच्या बळावर केसासारखा काटा कसाबसा हलतो. छिद्राची पाती हलविण्याची ताकद तिच्यात नाही. बॅटरी नाही, मोटर नाही. मग पाती हलवायची कोणी?

बोटाने! रेल्वेचा गार्ड हिरवी झेंडी दाखवितो. गाडी ओढण्याचे काम इंजिनाचे असते. येथे काटा झेंडी आहे आणि कळ दाबणारे बोट इंजिन आहे. कळ थोडी दाबताच एक पट्टी काट्याला होता तेथेच दाबून धरते. कळ आणखी खाली गेली की पायऱ्या कोरलेली दुसरी पट्टी पुढे सरकू लागते आणि अडकलेल्या काट्यावर येऊन टेकते. काटा ज्या जागी असेल, त्या जागेची पायरी त्याला भिडते. म्हणून पट्टीचा प्रवास कोठे लवकर, तर कोठे उशिरा थांबतो. तो जेथे थांबेल, तेवढेच छिद्र उघडते. नाजूक काट्याला काहीच ढकलावे लागत नाही. त्याने फक्त वाटेत उभे राहायचे. ज्या वस्तूत बळ नाही, तिच्याकडून केवळ अडवणुकीचे काम करवून घेणे, ही या रचनेतली सर्वांत सुंदर कल्पना म्हणावी लागेल.

छिद्र दोनच पात्यांचे असल्याने त्याचा आकार शंकरपाळ्यासारखा दिसतो. शटरला वेगही दोनच आहेत: सेकंदाचा दोनशेवा भाग आणि चाळीसावा भाग. प्रकाश भरपूर असेल तर पहिला, मंद असेल तर दुसरा, ही निवडही यंत्रच करते. छिद्र २.८ पासून २२ पर्यंत बदलते. या सगळ्याचा गुणाकार केला, तर कॅमेरा सुमारे तीनशे पटींपर्यंतचा फरक सांभाळू शकतो. उन्हापासून ढगाळ संध्याकाळपर्यंत ते पुरेसे आहे. रात्रीच्या खोलीला मात्र पुरत नाही. अशा वेळी कळ दाबल्यास चौकटीत एक तांबडी पट्टी वर येते आणि शटर उघडतच नाही. फिल्म वाया जाण्यापेक्षा नकार बरा, असा हा कारभार आहे.

कॅमेरा कोठे फसतो

सेलेनियमला माणूस आणि भिंत यांतला फरक कळत नाही. समोरच्या साऱ्या दृश्याचा सरासरी उजेड तेवढा त्याला कळतो, आणि ते दृश्य मध्यम करड्या रंगाचे आहे असे गृहीत धरून तो काटा हलवितो. आजी उंबरठ्यावर बसली आहे आणि तिच्यामागे अंगण उन्हाने झगमगत आहे, अशी कल्पना करा. अंगणाच्या उजेडामुळे काटा पुढे सरकतो, छिद्र लहान होते आणि आजीचा चेहरा काळा पडतो. अशा वेळी कॅमेरा जरा सावलीकडे वळवून कळ अर्धी दाबावी, तशीच धरून ठेवून चौकट पुन्हा आजीवर आणावी आणि मग कळ पूर्ण दाबावी. काटा सावलीत असतानाच पकडला गेल्याने छिद्र मोठे राहते. दुसरा मार्ग म्हणजे फिल्मच्या अंकाचे कडे २०० ऐवजी १०० वर आणणे. रंगीत निगेटिव्ह फिल्मला थोडा जास्त प्रकाश चालतो. कमी प्रकाश मात्र ती सहसा माफ करीत नाही.

१९६३ मध्ये पोलरॉइड कंपनीच्या ‘ऑटोमॅटिक १००’ या कॅमेऱ्यात इलेक्ट्रॉनिक शटर आले. त्यानंतर बॅटरीवर चालणाऱ्या रचना हळूहळू स्वस्त झाल्या आणि काट्याची गरज उरली नाही. पण त्या काळच्या अनेक कॅमेऱ्यांना लागणाऱ्या पाऱ्याच्या बॅटऱ्या पुढे बाजारातून गेल्या. त्यामुळे ते कॅमेरे आज अडून बसतात. सेलेनियमच्या कॅमेऱ्याला बॅटरीच लागत नाही.

तरी सेलेनियमही अमर नाही. ओलाव्याने ते खराब होते. समुद्रकाठच्या दमट हवेत तर भिंगावर बुरशीही चढते. फिल्मचा रोल आणि तो धुण्याचा खर्च आता खिशाला चांगलाच चटका देणारा असल्याने, वारशात मिळालेल्या ट्रिप ३५ मध्ये रोल घालण्यापूर्वी एक परीक्षा घ्यावी. कडे स्वयंचलित खुणेवर ठेवून भिंग आणि भोवतालचे बुडबुडे तळहाताने पूर्ण झाकावेत आणि कळ दाबावी. तांबडी पट्टी वर यायला हवी, शटर उघडता कामा नये. नंतर तोच कॅमेरा उजेडाकडे धरून कळ दाबावी. शटरचा आवाज आला तर सेलेनियममध्ये अजून जीव आहे. भर उन्हातही तांबडी पट्टीच येत असेल, तर वीज काट्यापर्यंत पोहोचत नाही असे समजावे. तेव्हाही कॅमेरा टाकून द्यायचे कारण नाही. कडे छिद्राच्या एखाद्या अंकावर फिरविले की शटर सेकंदाच्या चाळीसाव्या भागावर चालते, आणि प्रकाशाचा अंदाज पुन्हा माणसालाच घ्यावा लागतो.

शब्दार्थ
संवेदनशीलता – प्रकाशाला प्रतिसाद देण्याची क्षमता
विद्युतरोध – विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा
क्षीण – दुबळे, अगदी कमी
गृहीत धरणे – आधीच खरे मानून चालणे

स्वाध्याय
१. ‘काटा झेंडी आहे आणि बोट इंजिन आहे’ या विधानाचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. काळ्या फळ्यासमोर उभ्या असलेल्या, पांढरा सदरा घातलेल्या शिक्षकांचे छायाचित्र ट्रिप ३५ ने काढले. चौकटीचा बहुतेक भाग फळ्याने व्यापला असेल, तर सदरा कसा दिसेल? कारण सांगा.
३. घरातील किंवा परिचितांकडील एखादे बिघडलेले जुने छायाचित्र पाहा. त्यात प्रकाश कमी पडला की जास्त, हे ठरवून पाच-सहा वाक्यांत लिहा.