आधी राखीव काय उरलंय ते बघ

अगं, ऑन-कॉलच्या आठवड्यात तू फोन उशाशी घेऊन झोपतेस आणि सर्व्हरच्या प्रत्येक अलर्ट मेसेजला दचकून उठतेस, असं काकू सांगत होत्या. आधी नीट जेव, मग ऐक.

खरं सांगू का, मेसेज ढीगभर असले तरी प्रकार थोडेच असतात. सिस्लॉगमध्ये ० ते ७ अशा ८ पातळ्या, आणि आकडा जितका लहान तितकं प्रकरण गंभीर. झॅबिक्समध्ये ६, सगळ्यांत वर 'डिझास्टर'. नागिऑसमध्ये ओके, वॉर्निंग, क्रिटिकल आणि अननोन. या अननोनला हिरव्यात धरायचं नाही हं! मशीनची खरी अवस्था तेव्हा कळलेलीच नसते.

पण बघ, पातळी सांगते बिघाड केवढा आहे ते. हाताशी वेळ किती, ते तुलाच ठरवावं लागतं. म्हणून आधी विचार, राखीव काय उरलंय? दोनांपैकी एक पॉवर सप्लाय गेला तरी सर्व्हर चालू राहतो, म्हणून कित्येकदा नुसती वॉर्निंग येते. दुसरा गेला की मशीन बंद. रेड ५ मधली एक डिस्क गेली, 'डिग्रेडेड' आलं, तरी वरून सगळं सुरळीत दिसतं. नवी डिस्क बसून रिबिल्ड होईपर्यंत दुसरी गेली तर डेटा गेला. गॅसचा दुसरा सिलिंडर लावला की त्याच दिवशी आपण नंबर लावतो ना, तसंच कर.

याउलट, मेमरीची एखादी 'करेक्टेबल' एरर आली तर नोंद कर आणि झोप. एकाच डिमवर पुन्हा पुन्हा यायला लागली तर तो बदलायला सांग. 'अनकरेक्टेबल' असेल तर मात्र सीनियरला खुशाल उठव. तापमान एकाच मशीनचं वाढलं तर पंखा बघायला सांग. पूर्ण रॅकचं वाढलं तर एसीची शंका घे आणि लगेच फोन लाव.

आणि गं, रात्री गाड्या बंद असताना आंबिवलीहून ऐरोलीला धावायचा विचारसुद्धा करू नकोस. डेटा सेंटरमध्ये शिफ्टवर माणूस असतो. त्याचा नंबर, रॅक नंबर, सिरियल नंबर आणि वॉरंटीची माहिती एका जागी लिहून ठेव. डिस्क काढायला सांगण्याआधी आयड्रॅक किंवा आयएलओमधून तिचा लोकेट दिवा लाव आणि स्लॉट नंबर त्याच्याकडून मोठ्याने वाचून घे. डिग्रेडेड रेडमधली चांगली डिस्क ओढली गेली तर फार महागात पडतं.

सोमवारच्या मीटिंगमध्ये मात्र तोंड उघड. ज्या मेसेजवर रात्री करण्यासारखं काहीच नसतं, तो फोनवर कशाला? सकाळच्या मेलमध्ये येऊ दे. तशा मेसेजची यादी आजच करायला घे, मी बघून देते.